तोळामासा आणि मासोळी

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चांदीला मराठीत जुना शब्द ‘रुपे’ असा आहे. संस्कृतातील ‘रूप्य’ या शब्दापासून तो आला, आणि ‘रूप्य’ म्हणजे काय हे पाणिनीने आपल्या व्याकरणात सांगून ठेवले आहे. ज्याचे रूप प्रशंसनीय ते रूप्य, आणि ज्यावर घाव घालून रूप उमटविले तेही रूप्य. सोन्याच्या ‘सुवर्ण’ या नावात रंग आहे. रुप्याच्या नावात आकृती आहे. ‘रुपया’ हा शब्दही त्याच घरातला. ज्या धातूच्या नावातच काही उमटविण्याचा अर्थ आहे, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या काय उमटत आले हे वाचून पाहण्याचा प्रयत्न ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून व्हावा, यात वावगे काही नाही.

सोनाराच्या तराजूला मात्र ही आकृती कळत नाही. त्याला गुंज, मासा आणि तोळा एवढेच ठाऊक. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गंमत अशी की मराठीत ‘मासा’ हे वजनही आहे आणि पाण्यातला जीवही. सासुरवाशिणीच्या पायाच्या बोटात जी मासोळी असते तिच्या ठायी हे दोन्ही मासे एकत्र येतात. मोडीच्या दुकानात मासोळी गेली की पहिला मासा मोजला जातो आणि दुसरा मुशीत विरघळतो. जुन्या चांदीच्या दागिन्यांचा संग्रह हा मुख्यतः या दुसऱ्या माशाला वाचविण्याचा उद्योग आहे. आणि नुसता दागिना विकत घेऊन कपाटात ठेवल्याने तो साधतोच असे नाही.

या विषयाचा आरंभ हजीऱ्यापासून करणे सोयीचे आहे. मुलताईला उगम पावलेली तापी बऱ्हाणपूर, भुसावळ, खानदेश अशी वाट काढीत सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरत शहराखाली हजीऱ्याजवळ समुद्राला मिळते. मुखाशी गाळाचा बांध असल्यामुळे मोठी जहाजे नदीत शिरत नसत. ती हजीऱ्याच्या उत्तरेस सुवालीच्या किनाऱ्याला नांगर टाकीत आणि तेथून माल होड्यांतून वा गाड्यांतून सुरतेस जाई. याच सुवालीच्या पाण्यात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची आरमारी लढाई झाली. शालेय इतिहासात ती इंग्रजांच्या उदयाची पायरी म्हणून येते. पण त्या जहाजांच्या पोटात काय असे, याची चौकशी सहसा होत नाही.

त्यांच्या पोटात चांदी असे. युरोपचा माल हिंदुस्थानात फारसा कोणास नको होता. येथील कापड, नीळ, मसाले मात्र युरोपला हवे होते. हा फरक रोख चांदीने भरून काढावा लागे. मेक्सिकोच्या आणि पेरूकडील पोतोसीच्या डोंगरातून खणलेली चांदी स्पेनच्या रियाल नाण्यांच्या रूपाने कधी थेट समुद्रमार्गे, तर कधी तांबड्या समुद्राच्या बंदरांवरून सुरतेत येई. मोगल राज्यात परकी नाणे बाजारात चालत नसे. ते टांकसाळीत न्यायचे, तेथे ते वितळायचे आणि त्याचा रुपया पाडून घ्यायचा. सुरतेची टांकसाळ सतराव्या शतकात याच कामाने गजबजलेली होती. हिंदुस्थानच्या भूमीत चांदीच्या खाणी फारशा नव्हत्या. राजस्थानातील जावरसारखा एखादा अपवाद सोडला तर ही धातू बाहेरूनच यायची. मग तो रुपया सराफांच्या हुंड्यांबरोबर आणि तांड्यांबरोबर बऱ्हाणपूरच्या वाटेने खानदेशात, वऱ्हाडात आणि दक्षिणेत उतरे. तोरणमाळच्या पायथ्याशी राहणाऱ्या एखाद्या आजीच्या पायातल्या कड्यात पोतोसीच्या डोंगराचा अंश असू शकेल, हे ऐकायला कल्पनाविलासासारखे वाटले तरी त्यात अतिशयोक्ती नाही.

मराठी माणसाला सुरत म्हटली की जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० या दोन स्वाऱ्या आठवतात. वीरजी व्होरासारख्या सावकारांच्या वाड्यांतून महाराजांनी जी संपत्ती नेली, तिच्यामागे हाच चांदीचा ओघ होता. रायगडाच्या बांधणीच्या संदर्भात सुरतेचे नाव नेहमी घेतले जाते. सामान्य रयतेच्या पायातील वाळ्याच्या संदर्भात कोणी घेत नाही, एवढेच.

रुपया खेड्यात पोचला की तो दोन वाटांनी जाई. एक वाट सरकारी वसुलाची. दुसरी वाट सोनाराच्या बागेसरीकडे. कापूस वा धान्य विकून चार पैसे गाठीला राहिले की ते सोनारापुढे ठेवायचे, समोर बसून वितळवून घ्यायचे आणि दागिना घडवून घ्यायचा, ही खेड्यांतील जुनी पद्धत. समोर बसायचे कारण उघड आहे. सोनाराच्या प्रामाणिकपणाविषयी मराठीत म्हणींची कमतरता नाही. इंग्रजी अमलात १८३५ पासून सर्वत्र सारखा झालेला रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा होता, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. त्यामुळे नाणे हेच वजन आणि नाणे हाच कस. ‘वीस रुपयांचे तोडे’ म्हटले की किंमतही कळे आणि वजनही. यंत्रावर पाडलेल्या या नाण्याला ‘कलदार’ म्हणत. १९४० साली त्यातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या सुमारास रुपया निकेलचा झाला. नाणे गाळून दागिना करण्याची वाट तेव्हा कायमची बंद पडली. म्हणूनच खेड्यातील जुन्या बायका ‘रुपयाची चांदी’ आणि ‘बाजारची चांदी’ असा भेद करीत असत.

हा दागिना म्हणजे बाईची पेढी होती, असे सर्व पुस्तकांत लिहिलेले असते, आणि ते खरेच आहे. पण त्या पेढीचे दिवाळे कसे निघाले ते फारसे कोणी लिहीत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील दागिन्यांची चांदी मुंबईच्या टांकसाळीकडे गाळण्यासाठी लोटली. तेव्हा निदान तोळाभर चांदीचा जवळजवळ रुपया होत असे, कारण कोणालाही आपली चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेण्याची मुभा होती. १८९३ साली सरकारने ही मुभा काढून घेतली. सोन्याच्या तुलनेत चांदी जगभर घसरत होती आणि रुपयाचा विलायती भाव टिकवायचा होता. परिणाम असा झाला की रुपयाचा भाव टिकला आणि दागिन्याचा पडला. पुढे तीनच वर्षांनी, १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यामागून १८९९-१९०० चा, ज्याला गुजरातेत संवत १९५६ वरून ‘छप्पनियो’ म्हणतात. या दोन्ही दुष्काळांत ज्या बायकांनी अंगावरची चांदी उतरविली त्यांच्या हाती पूर्वीपेक्षा कितीतरी कमी धान्य पडले. लंडनच्या आणि सिमल्याच्या कागदावर झालेला निर्णय खानदेशातील आणि सुरत जिल्ह्यातील बाईच्या पायातून वसूल झाला. जुन्या दागिन्यांपैकी १९०० च्या आधीचे नग आज इतके विरळ का सापडतात, याचे हे एक मोठे कारण आहे.

दुसरी लाट अलीकडची. १९६० आणि १९७० च्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावरून चोरट्या गलबतांतून चांदी आखाताकडे जात होती. ज्या समुद्रातून ती आली त्याच समुद्रातून परत गेली. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील सट्ट्यामुळे चांदी औंसाला ५० डॉलरांच्या घरात गेली तेव्हा येथल्या पेट्याही उघडल्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये किलोमागे दीड लाख रुपयांची रेषा ओलांडून चांदीने पुन्हा तोच प्रसंग आणला. भाव चढला की आकृती वितळते. हा नियम दुष्काळाइतकाच निर्दय आहे, फक्त त्यात रडणारे कोणी नसते.

आता त्या आकृतींकडे वळू. पायापासून आरंभ करणे बरे, कारण रुप्याचे खरे राज्य कमरेखाली. सोने ही लक्ष्मी, तिला पायदळी आणू नये, हा संकेत महाराष्ट्रात आणि गुजरातेत सारखाच पाळला गेला. त्यामुळे पैंजण, तोडे, वाळे, साखळ्या, जोडवी, विरोद्या, मासोळ्या, अनवट हे सारे चांदीचे. श्रीमंत घरची बाई गळ्यात पुतळ्यांची माळ घालो वा वज्रटीक, पायांत ती गरिबाघरच्या बाईची बहीणच असे.

जोडवे घ्या. मराठीत त्याच्या नावात जोडी आहे. दोन्ही पायांत घालायचे, आणि दोन माणसांच्या जोडीची ती खूण. गुजरातीत याच जागेच्या दागिन्याला ‘विंछिया’ म्हणतात, हिंदीत ‘बिछिया’. त्या नावात विंचू आहे. पायाचे तेच बोट, तीच धातू, आकारातही फारसे अंतर नाही. पण तापीच्या एका अंगाची बाई त्याला जोडीच्या नावाने ओळखते आणि दुसऱ्या अंगाची विंचवाच्या. दागिना समोर आहे, पण बोलणारी बाई समोर नाही, अशा वेळी यातला कोणता अर्थ खरा मानावा? आकृतीचा अर्थ धातूत कोरलेला नसतो. तो नावात राहतो आणि नाव बाईच्या तोंडात राहते. वैधव्य आले की जोडवी उतरवीत. तेव्हा त्या दागिन्याचा सर्वांत जड अर्थ तो नसण्यात होता, आणि तो तर कोणत्याही संग्रहालयाच्या काचेमागे दाखविता येत नाही.

मासोळीचेही तसेच. मासा हे सुफलतेचे चिन्ह, असंख्य अंडी घालणारा, पाण्याबरोबर येणारा, अष्टमंगलांतला. आणि त्याचा डोळा कधी मिटत नाही म्हणून तो राखणदार, असे अर्थ सांगितले जातात आणि ते चुकीचे नाहीत. तरी देशावरच्या ज्या गावाला वर्षातून चार महिनेच ओढ्यात पाणी दिसते तेथील मासोळी आणि हजीऱ्याच्या वा पालघरच्या किनाऱ्यावर कोळणीच्या बोटातील मासोळी या एकच गोष्ट बोलत नाहीत. पहिलीत पाण्याची आस आहे. दुसरीत रोजची भाकर आहे.

नागाची वाकी किंवा नागोत्र दंडावर येते, वेटोळे घालून; नाग हा वंशाचा आणि ठेव्याचा रक्षक. हांसळी हा गळ्यातला ताठ अर्धगोल, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळता. गुजरातीत तिला ‘हांसडी’ म्हणतात आणि गळ्याखालच्या हाडालाही हांसडीच म्हणतात. तान्ह्या मुलाचे हाड सरकू नये म्हणून ती घालायची अशी समजूत तिच्या नावामागे उभी आहे. पुस्तकी अभ्यासक तिच्यात चंद्रकोर पाहतात. आईला चंद्राशी कर्तव्य नव्हते. तिला हाडाशी होते.

दाण्यांच्या आकृती सर्वांत जुन्या आणि सर्वांत दुर्लक्षित. बोरमाळ, जवमणी ही नावेच पाहा. कोल्हापुरी साजात चंद्र, कमळ, कासव, शंख यांच्या पंक्तीत बेलपान आणि कारले येऊन बसते. एकवीस पानांचा साज. त्यांतली दहा पाने दशावताराची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताइताचे, असा हिशेब सांगितला जातो. हिशेब नीटस आहे, कदाचित जरा जास्तच नीटस. परंतु परसातल्या वेलावरचे कारले अवतारांच्या शेजारी लोंबू शकते, यात मराठी घराचा स्वभाव दिसतो.

नाण्यांच्या माळा हा आणखी वेगळा अध्याय. पुतळीचा उगम व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात शोधला जातो. त्या नाण्यावर व्हेनिसचा अधिपती त्यांच्या संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असतो. येथील बायकांना ती देवांची जोडी दिसली, आणि त्यांनी ती ‘पुतळी’ म्हणून गळ्यात घातली. संत मार्कचे काही बिघडले नाही. पुढे रुप्यात हेच घडले. राणीचा मुखवटा असलेल्या रुपयाला कडी लावून भिल्लांच्या, बंजाऱ्यांच्या आणि इतरही गरीब घरांतील बायकांनी ‘राणीछाप’ माळा केल्या. राज्य कोणाचे याच्याशी त्या माळेचा संबंध नव्हता; राणीछाप रुपया खोटा निघत नाही, एवढाच त्या मुखवट्याचा अर्थ. संग्राहकाला या माळांचा एक फायदा होतो. नाण्यावरील साल वाचता येते, आणि माळ त्या सालाच्या आधीची असणे शक्य नाही.

देवघरातील टाक हे दागिन्यात मोडत नाहीत, पण घडतात त्याच सोनाराच्या ठशावर. खंडोबा घोड्यावर, शेजारी म्हाळसा, पायाशी कुत्रा, भवानी, आणि घरातल्या वीरगती पावलेल्या पूर्वजाचा वीर. झिजलेला टाक मोडून नवा घडविताना चांदी तीच ठेवण्याकडे ओढा असे. श्रावणातील जिवतीचे तसेच. ती मुलांची राखण करते, म्हणून आईच्या गळ्यात.

येथे एक इशारा दिला पाहिजे. अलीकडे चिन्हांचे अर्थ लावण्याची घाई फार झाली आहे. प्रत्येक त्रिकोणात शक्ती, प्रत्येक वर्तुळात सूर्य आणि प्रत्येक ठिपक्यात बीज पाहणारी रंगीत पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. सोनाराच्या दुकानात तासभर बसले तर निराळे दिसते. गोल तोंडाच्या ठशाने ठिपकाच उमटतो. जंतरातून ओढलेल्या दोन तारा पिळल्या की दोरीची नक्षी आपोआप होते. जोड झाकायचा म्हणून त्यावर रवा बसविला जातो आणि त्या रव्याचे फूल दिसते. तोडा पोकळ करून आत लाख भरली तर तो जाड दिसून हलका राहतो. त्यात सौंदर्यदृष्टीइतकीच काटकसर आहे. नक्षीचा काही भाग हत्याराचा, काही पैशाचा आणि उरलेला श्रद्धेचा. यांचे प्रमाण नगागणिक बदलते, आणि ते ओळखणे हाच वाचनाचा खरा अभ्यास.

आणखी एक गोष्ट संग्राहकांच्या गोड वाङ्मयात सहसा येत नाही. दागिना ओळख सांगतो, याचे कौतुक होते. बंजारा स्त्रीच्या केसांतील घुगरी आणि टोपली पाहून ती सौभाग्यवती हे कळे. पायातील कड्यावरून बाई कोणत्या जमातीची हे बाजारात लांबून कळे. पण ओळख कळणे ज्यांना परवडत होते त्यांच्यासाठीच ते कौतुक. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना स्पष्ट सांगितले की गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या चांदीच्या वा कथलाच्या गोट-पाटल्या या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या. लुगडे नेसण्याची तऱ्हाही बदला. त्या स्त्रियांनी ते ऐकले. जे दागिने उतरले ते सौंदर्य न कळल्यामुळे उतरले नाहीत. त्यांचा अर्थ फार चांगला कळला होता म्हणून उतरले. दक्षिण गुजरातेतही १९२२ च्या देवी चळवळीनंतर, चौधरी आदी आदिवासींमध्ये सुधारणेचे वारे वाहिले आणि गांधीवादी कार्यकर्त्यांनी स्त्रियांना जड दागिने सोडण्याचा उपदेश केला. त्या उपदेशात शहरी सुधारकाचा थोडा वरचष्मा होता हे मान्य करूनही, पायातील शेरभर धातू घेऊन दिवसभर शेतात राबणे म्हणजे काय हे पायाला विचारावे लागेल. काचेमागील नग पाहताना हळहळ वाटते तेव्हा, तो उतरविताना कोणाला मोकळे वाटले असेल हेही ध्यानात असावे.

मग संग्रह करावा की करू नये? करावाच; पण कसा, याचे उत्तम उदाहरण मराठी माणसाने घालून दिलेले आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी खेडोपाडी हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, कुंकवाचे करंडे, दागिने असा घरगुती वस्तूंचा संसार जमविला. दिवंगत पुत्राच्या नावाने तो ‘राजा’ केळकर संग्रहालय म्हणून उभा राहिला, आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरातील तो सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पाय घासायच्या वज्रीवरही मोर आणि हत्ती बसविणारी दृष्टी जपण्याजोगी आहे, हे पाहायला कवीच हवा होता. दुसरे उदाहरण गुजरातेतले, पण तेही मराठी हातचे. बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले गणेश देवी यांनी छोटाउदेपूरजवळ तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभारली. तेथील संग्रहालयाचे नाव ‘वाचा’. वस्तूच्या संग्रहालयाला वाणीचे नाव देण्यात जे शहाणपण आहे, तेच या विषयाचे मर्म होय.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण सभासदांपैकी अनेकांच्या घरी आजीचा डबा असेल. पहिली गोष्ट सफाईची. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे, विशेषतः हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे. योगायोग पाहा : हजीऱ्याला १९८० च्या दशकात तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा जो प्रकल्प झाला, त्याचे एक मुख्य काम म्हणजे वसईच्या समुद्री क्षेत्रातून नळाने येणाऱ्या वायूतून हाच हायड्रोजन सल्फाइड वेगळा काढणे. ज्या किनाऱ्यावर शतकानुशतके चांदी उतरली तेथेच आज चांदीच्या वैऱ्याला पकडून ठेवतात. घरच्या दागिन्यावरील काळपट थर मात्र लगेच घासून काढू नये. खोलगट भागातील काळेपणामुळेच नक्षी उठून दिसते, आणि कडक घासणीने प्रत्येक वेळी थोडी चांदी जाते. रिठ्याचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. आतल्या बाजूची गुळगुळीत झीज तर जिवापाड जपावी. दागिना खरोखर कोणाच्या अंगावर होता याचा तोच पुरावा.

दुसरी गोष्ट फसवणुकीची. ‘जर्मन सिल्व्हर’ या धातूत चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण आहे. ‘ऑक्सिडाइज्ड’ नावाने विकला जाणारा पुष्कळसा माल तसाच. नव्या नगावर मुद्दाम काळे चढवून तो ‘आदिवासी’ म्हणून खपविणे हा तर मोठा धंदा झाला आहे. कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील मुलाला आजीचे तोडे पाठविण्यापूर्वी त्यांचे वय पाहावे.

सुरतेची चांदी केवळ दागिन्यात गेली असे नाही. ती जरीतही गेली. चांदीची तार केसासारखी ओढायची, चपटी करायची, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचे पाणी द्यायचे, हा सुरतेचा जुना धंदा. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर जो मोर नाचला त्याच्या अंगात सुरतेची तार होती. जुन्या पैठणीचे पुढे काय होई? जरीसाठी पदर जाळीत आणि राखेतून चांदी काढीत. रेशीम गेले, मोर गेला, तोळे उरले. मासोळीची आणि मोराची गत शेवटी एकच.

आज सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमाग आणि हजीऱ्याचे कारखाने यांनी त्यांना येथे आणले. ज्या वाटेने रुपये वर गेले त्याच तापीच्या वाटेने माणसे खाली आली. त्यांच्या ट्रंकांत फार मोठे दागिने नसतील. बरेचसे खोलीच्या पागडीत आणि आजारपणात गेले असतील, आणि त्याबद्दल त्यांना कोणी शिकवू नये. पण नावे अजून आहेत. नात शेजारणींच्या संगतीने ‘विंछिया’ म्हणू लागते, सून दुकानातला ‘टो-रिंग’ हा शब्द वापरते, आणि आजी अजून जोडवी, विरोद्या, मासोळ्या आणि अनवट ही चार बोटांची चार वेगळी नावे सांगू शकते. शेजारच्या किनारपट्टीच्या गावांतील कोळी आणि हळपती म्हाताऱ्यांकडे त्यांची त्यांची नावे असतील, ती त्यांच्याच गुजरातीत उतरवून घ्यायला हवीत.

यासाठी पैसा लागत नाही. एक वही, चार-सहा दुपारी आणि ऐकण्याची तयारी असली की झाले. दागिन्याचे नाव, ते सांगणारीचे गाव, तो तिला कोणी आणि कोणत्या प्रसंगी दिला, कोणत्या प्रसंगी उतरविला, आणि त्यावरील आकृतीला ती काय म्हणते. वजन माहीत असेल तर शेवटी तेही. वही ग्रंथालयात ठेवावी. दागिना ज्याचा त्याच्या घरी राहील.